मामाकडे शिकायला

माझा सदूमामा सदाशिवराव कधी झाला, ते आमच्या घरात कोणालाच नक्की सांगता यायचं नाही. दूर अमेरिकेत गोरे लोक आपसात लढायला लागले, तिकडचा कापूस विलायतेला जाईना आणि त्यांच्या भांडणाचं फळ वऱ्हाडातल्या काळ्या मातीला लागलं, हे मला पुढे शाळेत कळलं. तेव्हा आम्हाला एवढंच दिसत होतं की काल तेल्हाऱ्याच्या बाजारात गोणपाटावर वांगी मांडून बसणारा माणूस आज जरीचा रुमाल बांधून रुईचे भाव सांगतो आहे आणि लोक त्याला वाकून रामराम करताहेत. मामा आधी अकोल्याला गेला, मग अमरावतीला. अकोल्याहून आला तेव्हा सदाशिव झाला होता. अमरावतीहून आला तेव्हा मागे राव लागला होता, आणि आपण मूळचे कुठल्याशा देशमुखांच्या घराण्यातले, मधल्या काळात दिवस फिरले म्हणून बागाईत करावी लागली, असं काहीतरी तो बोलू लागला होता. माझी आजी, म्हणजे त्याची सख्खी आई, हे ऐकून म्हणाली होती, "मले तर कोणी सांगतलं नाई बावा."

आम्ही माळी. तेल्हाऱ्याजवळ आमची विहीर आणि तिच्या पाण्यावर पोसलेला मळा होता. पहाटे मोटेच्या चाकाची कुरकूर सुरू झाली की आमचा दिवस उगवायचा, आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधता बांधता माझ्या मायच्या बोटांना जो हिरवा वास लागला होता तो तिच्या हातच्या भाकरीलाही यायचा. त्या तेजीच्या वर्षांत आजूबाजूच्या सगळ्या माळ्यांनी मळे उपटले आणि पऱ्हाटी, म्हणजे कापूस, लावली. विहिरीच्या काठावर, गोठ्यामागे, जिथे ओंजळभर माती दिसली तिथे पऱ्हाटी. माझ्या बापाने लावली नाही. यात त्याची दूरदृष्टी होती असं आता लोक म्हणतात, माझी मुलंही म्हणतात. तसं काही नव्हतं. रोज उठून तोडायला काही नाही असं पीक त्याच्या डोळ्यांना सहन होत नसे, इतकंच. लोक त्याला हसत होते, आणि खरं सांगायचं तर मीही हसत होतो. पण हसणारे तेच लोक संध्याकाळी चार मिरच्यांसाठी आमच्या दाराशी उभे असायचे. घरात चांदीची ताटं आली होती आणि त्यात वाढायला भाजी नव्हती. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या होत्या आणि त्याच बैलांना कडबा मिळत नव्हता, कारण ज्वारी पेरायला जागाच कोणी ठेवली नव्हती. आज पन्नास वर्षांनी म्हातारे त्या दिवसांच्या गोष्टी सांगताना डोळे मिटून मान डोलावतात. मी उघड्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे, म्हणून मला डोलता येत नाही.

मी गावच्या शाळेत बऱ्यापैकी चाललो होतो. मामा एकदा दिवाळीला आला आणि ओसरीवर तक्क्याला टेकून मायला म्हणाला, "पोट्ट्याले माह्याकडे धाड. अमरावतीले इंग्रजी शाळा हाय. इथं वांग्यात पाणी घालून त्याचं काय व्हनार हाय?" इंग्रजी शाळा अकोल्यातही होती आणि अकोला आम्हाला जवळचं. पण अकोल्यात मामा नव्हता. मायच्या डोळ्यांत पाणी आलं. तिचा हा धाकटा भाऊ तिने कडेवर वाढवलेला, त्याने तिच्या मुलाची आठवण ठेवली, यातच ती धन्य झाली. मामाला माझी आठवण का झाली ते अमरावतीला पोचल्यावर मला आठवडाभरात समजलं. त्याच्या पेढीवर मुंबईहून इंग्रजी चिठ्ठ्याचपाट्या येऊ लागल्या होत्या आणि वाचायला परका माणूस ठेवायची त्याला भीती वाटत होती.

मी कापसाच्या गाड्यांबरोबर गेलो. आगगाडीचे रूळ तेव्हा आमच्याकडे यायचेच होते. धुळीतून गाड्यांची रांग निघाली की तिला शेवट दिसत नसे. वाटेवरच्या बाभळींना दोन्ही बाजूंनी कापूस अडकून त्या म्हाताऱ्या झाल्यासारख्या दिसायच्या. अकोल्याला मुक्काम केला तर गावात पाय ठेवायला जागा नव्हती, जो तो ओरडून भाव सांगत होता आणि ऐकत कोणीच नव्हतं. बोरगावच्या पुढे एका नाल्यावर आमच्या गाड्या थांबल्या. मला वाटलं, बैलांना पाणी पाजायचं असेल. गाडीवानांनी घागरी भरल्या आणि त्या कापसावर ओतल्या. मग वरून मूठ मूठ माती. मी विचारलं, "हे काहून करून राहिले?" गाडीवान म्हणाला, "कापसाले बी तहान लागते ना गा." बाकीचे हसले; ओला कापूस काट्यावर जड भरतो, हे त्यांना ठाऊक होतं. मीही हसलो. तेव्हा मला त्यात हसण्यासारखं वाटलं होतं.

मामाचं घर नवं होतं आणि ते नवं आहे हे विसरू देत नव्हतं. भिंतींवर ऐन्यामागून ऐने लावले होते, त्यामुळे कुठेही बसलं तरी मामा चार बाजूंनी दिसायचा. एक मोठं विलायती घड्याळ होतं. ते चालायचं नाही, पण मामी रोज पुसायची. जेवण मात्र असं होतं की आमच्या गड्यानेही तोंड फिरवलं असतं. स्वयंपाकाला आणलेला आचारी प्रत्येक पदार्थात तूप आणि साखर ओतायचा, वांग्याच्या भाजीतसुद्धा, कारण तिखट खाणं हे गरिबाचं लक्षण असं कोणीतरी मामीला सांगितलं होतं. मामा स्वतः रोज पानावरून अर्धपोटी उठायचा. कोठीत अंधारात उभं राहून तो लसणाच्या ठेच्याबरोबर शिळी भाकर खाताना मी पाहिलं आहे. मला पाहून म्हणाला, "पित्ताले चांगली असते."  स्वतःच्या घरात चोरून जेवणारा श्रीमंत माणूस मी आयुष्यात तोच एक पाहिला.

शाळेत वेगळी तऱ्हा. आमचे मास्तर पुण्याकडचे होते. आम्हाला इंग्रजी शिकवण्याआधी आमचं मराठी धुऊन काढायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. कोणी "मले" म्हटलं की ते कानात तेलाचा थेंब पडल्यासारखं तोंड करायचे. "काहून" हा शब्द वर्गात उच्चारला की बाकावर उभं राहावं लागे, त्यामुळे आम्ही कशाचंही कारण विचारणं सोडून दिलं, आणि मास्तरांना आम्ही शहाणे झालो असं वाटू लागलं. हा मजकूर मी त्यांच्याच भाषेत लिहितो आहे, म्हणजे त्यांचं चीज झालं म्हणायचं. मामाने तेच उलट्या बाजूने चालवलं होतं. कोणी पाहुणा आला की मला हाक यायची. जरीची टोपी घालून मी उभा राहायचो आणि मामा म्हणायचा, "भाचा हाय. तेल्हाऱ्याच्या पाटलाचा मुलगा. बोल रे किसन, काही इंग्रजी बोल." मी पुस्तकातला गाढवाचा नाहीतर कोल्ह्याचा धडा म्हणून दाखवायचो. लोक वाहवा करायचे. गाढवाला इंग्रजीत काय म्हणतात ते त्यांतल्या एकालाही ठाऊक नव्हतं, हे माझं त्या दिवसांतलं एकमेव समाधान.

एकदा सणाच्या सुमाराला बाबा आले. गाडीतून वांगी, मिरच्या, मेथी घेऊन आले होते. ओसरीवर बाजारातले चार व्यापारी बसलेले. बाबांनी टोपली उतरवली, घाम पुसला आणि मामाकडे पाहून हसले. व्यापाऱ्यांतल्या एकाने विचारलं, "हे कोन?" मामा म्हणाला, "पाटलाचा गडी हाय. मळ्यातलं घेऊन आला." मी दारात उभा होतो. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग टोपलीकडे, आणि गडी जसा मागच्या दाराने जातो तसे ते टोपली उचलून मागच्या दाराने गेले. मी मागे धावलो. विहिरीवर ते हातपाय धूत होते. मला म्हणाले, "बरं शिकून राहिला ना?" मी हो म्हटलं. "मंग झालं," म्हणाले. जेवायला थांबले नाहीत.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी साहेब यायचा होता. मुंबईच्या कुठल्याशा विलायती पेढीचा तो माणूस, वऱ्हाडचा कापूस घ्यायला फिरत होता. तो आपल्या घरी येतो आहे, हे मामाने बाजारात ज्याला त्याला सांगितलं आणि सगळे व्यापारी जेवायला बोलावले. खुर्ची कुठूनतरी मागून आणली, ती इतकी उंच होती की साहेबासमोर बाकी सगळे अंगणात बसल्यासारखे दिसणार होते. साहेबाचा दुभाषी तापाने बडनेऱ्यालाच पडून राहिला, ही बातमी आली तेव्हा मामाला दुःख होण्याऐवजी हर्षच झाला. मला बोलावून म्हणाला, "आता तूच. साहेब काय बी बोलो, तू चांगलंच सांगजो. अन् तुले इचारलं तर पाटलाचा मुलगा. समजलं?" मी मान हलवली.

साहेब आला तो घोड्यावरून, तांबडाबुंद, धुळीने माखलेला. खुर्चीत बसला आणि समोर वाढलेल्या ताटाला त्याने हातही लावला नाही. मग बोलायला लागला. पहिल्यांदा मला एक अक्षर समजलं नाही, कारण आमचे मास्तर जे इंग्रजी बोलायचे ते इंग्रजांपैकी कोणी बोलत नसावं. मी हात जोडून सावकाश बोलायची विनंती केली. मग तो एकेक शब्द सोडवून, लहान मुलाला सांगावं तसं बोलला. तुझ्या मामाला सांग, मी जेवायला आलेलो नाही. त्याच्या गाठी फोडल्या तर आत ओली रुई निघाली, कुजलेली. माती निघाली. एका गाठीत दगड निघाला. हे मी मुंबईहून लिहून कळवू शकलो असतो, पण तोंडावर सांगायचं म्हणून आलो.

सगळे माझ्याकडे पाहत होते. मामाच्या तोंडावर आधीच हसू होतं, मी सांगितलं की ते फुलवायचं, अशा बेताने धरून ठेवलेलं. "काय म्हणते साहेब?" त्याने विचारलं.

सत्याची चाड होती म्हणून मी बोललो, असं कोणी समजू नये. माझ्या डोळ्यांपुढे टोपली उचलून मागच्या दाराने जाणारा माणूस होता. मी म्हणालो, "साहेब म्हणते, तुमची रुई ओली हाय, सडेल हाय. अंदर माती हाय. गोटा बी निघाला म्हणते."

मला वाटलं, आता आभाळ कोसळेल.  मग कोपऱ्यातला एक म्हातारा व्यापारी पोट धरून हसायला लागला आणि पाहता पाहता सगळी ओसरी हसू लागली. कोणी म्हणालं, "गोटा एकच निघाला? मंग इमानदार मानूस म्हना." दुसरा म्हणाला, "पानी तं सगळेच मारतात बावा, त्यात काय." मामासुद्धा हसला, त्याला सुटल्यासारखं झालं. मांडी हलवून मला म्हणाला, "साहेबाले सांग, औंदा वऱ्हाडात दव लय पडलं." मी ते इंग्रजीत सांगितलं. दव पुस्तकात होतं, म्हणून सांगता आलं. साहेब माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिला. त्याला हसणाऱ्या त्या लोकांत एकही चेहरा शरमलेला दिसला नसणार. मलाही दिसला नाही. त्या वयात माझी समजूत होती की पकडला गेलेला चोर मान खाली घालतो.

साहेब उठला. जाता जाता त्याने मला विचारलं, तुझा बाप कोण? पाटलाला इंग्रजीत काय म्हणतात ते मला येत नव्हतं. खोटं बोलण्याइतकं माझं इंग्रजी तयार झालेलं नव्हतं, असं मी पुढे सगळ्यांना सांगत आलो आणि लोकांना ते आवडतं. पण येत असतं तरी मी तेच बोललो असतो. माळ्याचा शब्द आमच्या दुसऱ्याच धड्यात होता. मी म्हणालो, माझा बाप माळी आहे. साहेबाचा चेहरा पहिल्यांदा खुलला. आपल्या मोडक्या हिंदुस्तानीत तो मोठ्याने म्हणाला, "माली? तुम माली का लड़का?" मग मामाकडे बोट करून, "और ये तुमारा मामा? तो ये भी माली." मामाचं हसू तिथेच थिजलं. साहेबाने पायरी उतरताना मागे वळून त्याला सांगितलं, "पानी बगीचे में डालो, सेठ. रुई में नहीं."

घोडा गेला. ओसरीवर पुन्हा हशा पिकला, पण हे हसू निराळं होतं. दगडाला हसताना ते मामाच्या बाजूने हसले होते. आता ते मामाला हसत होते. "देशमुख," कोणीतरी म्हणालं, आणि दुसऱ्याने विचारलं, "वांगे कसे देल्ले, देशमुख?" पानं उचलायच्या आधी निम्मे लोक उठून गेले. लबाडी उघडी पडली त्याचं कोणाला काही वाटलं नाही, आणि माणूस माळ्याच्या घरचा आहे हे उघडं पडलं तर लोक पानावरून उठले. आमच्या प्रांताचा त्या वर्षांचा इतिहास कोणी लिहिलाच तर त्याने एवढं एक वाक्य लिहावं, बाकी भावताव लिहिले नाहीत तरी चालेल.

सगळे गेल्यावर मामा मारायला धावला नाही. मारलं असतं तर मला त्याच्याबद्दल थोडं बरं वाटलं असतं. तो आरशांच्या मधोमध बसून म्हणाला, "माह्या घरात खाऊन माह्यावरच उलटला. नीघ." मी वळकटी बांधली. मामी दारापर्यंत आली. मला वाटलं, बाईमाणूस आहे, काही खायला बांधून देईल. तिने माझ्या डोक्यावरची जरीची टोपी काढून घेतली आणि आत गेली.

संपत नावाचा माझा वर्गसोबती होता, नांदगाव खंडेश्वरकडचा, कुणब्याचा मुलगा. एका रुईवाल्याच्या आवाराच्या मागे पत्र्याच्या आडोशाला तो एकटा राहायचा. वळकटी घेऊन मी त्याच्या दारात उभा राहिलो. तो चुलीपुढे बसला होता. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाला, "भाकर येते का थापता?" मी नाही म्हणालो. "मंग भांडे घास," तो म्हणाला, आणि माझं स्वतंत्र आयुष्य सुरू झालं.

आजकालच्या पोरांना वसतिगृहं आहेत. तिथे भाजीत मीठ कमी पडलं की ती अर्ज लिहितात. आम्ही राहत होतो तिथे आवारात दिवसभर बाया रेच्यांवर कापसातली सरकी काढायच्या. लाकडी रेच्यांची एकसारखी किरकिर चालायची, जणू शंभर मोटा हाकताहेत आणि पाणी मात्र कुठेच पडत नाही. रुईचे तंतू हवेत तरंगत असत. ते कालवणात पडायचे, नाकात जायचे, पुस्तकाच्या पानांत बसायचे. भाकर थापायला मी शिकलो, पण शिकलो म्हणजे काय, ती गोल व्हायची सोडून कशीही व्हायची. संपत तिला गावांची नावं द्यायचा. आज तेल्हारा झाला, म्हणायचा, आज चिखलदरा, मधेच डोंगर आला. दोन वाण्यांच्या मुलांना आम्ही अक्षरं आणि पाढे शिकवायचो, त्यावर आमचं धकून जायचं. ती मुलं मठ्ठ होती आणि त्यांचे बाप आम्हाला पायरीवर बसवायचे. पण घरी परतल्यावर चुलीवर काय चढवायचं ते आम्ही ठरवायचो, आणि ठेच्यात हव्या तेवढ्या मिरच्या टाकायचो. जळकी भाकर, लसणाचा ठेचा आणि कांदा. ऐने लावलेल्या त्या घरातल्या पक्वान्नांपेक्षा ते लाख पटींनी गोड लागायचं, असं मी लिहिणार होतो. पण ते खरं नाही. भाकर जळकीच लागायची. फक्त ती खाताना कोणाचं तोंड पाहावं लागत नव्हतं.

महिन्याभराने बाबा आले. मामाने निरोप पाठवून बोलावून घेतलं होतं. दुपारची वेळ होती, संपत चुलीपुढे होता, मी पाढे तपासत होतो. बाबा दारात वाकून आत आले, खाली बसले आणि बराच वेळ रेच्यांचा आवाज ऐकत राहिले. मग म्हणाले, "मामाकडं गेलतो."

"काय म्हणे?"

"म्हणे, पोराले पाय धराले लाव. सगळ्याच्या समोर. मंग घेतो घरात."

"मी नाही धरणार," मी म्हणालो.

"मी सांगतलं त्याले, पोरगं ऐकणार नाही." बाबांनी रुमालाने मान पुसली. "मंग मीच धरले."

संपतचा हात परातीत थांबला. जो हे वाचेल त्याला समजावं म्हणून लिहितो. माझे बाबा मामाचे दाजी. बहिणीचा नवरा घरी आला की मेहुण्याने त्याचे पाय धुवायचे, ही आमची रीत. वयानेही बाबा मोठे. आणि ते मला हे असं सांगत होते, जसं बाजारात मेथी विकली नाही म्हणून टाकून दिली म्हणतात.

"मंग?" मी विचारलं.

"मंग म्हणे, येऊ द्या पोराले. पण मांगच्या दारानं. अन् लोकाइसमोर मामा म्हणाचं नाही."

मी उठलो. काय करायला उठलो होतो ते मला तेव्हाही माहीत नव्हतं. बाबा म्हणाले, "बस. जेवाले वाढ." संपतने माझ्याच हातची एक भाकर त्यांच्यापुढे ठेवली, एका बाजूने काळी पडलेली. काळा भागही न सोडता त्यांनी सगळी भाकर खाल्ली. पाणी प्यायले. मग म्हणाले, "राह्य इथंच."

"मामाकडं नको?"

"मीच म्हणत होतो जाय. आता नाही म्हणत." ते उठले, दारापाशी थांबले. "फक्त मायले सांगू नोको. तिले वाटते, तू तिच्या भावाजवळ हायेस. तसंच राहू दे. तिले तो एकच भाऊ हाय."

मला त्या वेळी त्यांचा भयंकर राग आला. मामाच्या पायावर डोकं ठेवलं त्याचा आलाच, पण वरून त्या माणसाची अब्रू माझ्या मायपुढे राखायची, याचा जास्त आला. मी गाडीपर्यंत गेलो नाही. बाबांनी मागे वळून पाहिलं की नाही ते संपतला विचारायचं मी टाळलं.

याचा परिणाम असा झाला की पुढची सगळी वर्षं माय तिच्या भावाच्या घरी माझ्यासाठी शिदोरी पाठवत राहिली. उन्हाळ्यात सांडगे आणि कुरडया, पावसाच्या तोंडावर लोणचं, थंडीत मळ्यातली वांगी. गाडीवान मामाच्या दारात उतरवून जायचे. त्यातलं एक बोटभर आमच्या पत्र्याखाली कधी आलं नाही. सुट्टीत घरी गेलो की माय विचारायची, "लोणचं मुरलं होतं का?" मी म्हणायचो, "बरं होतं." बाबा तिकडे दोऱ्या वळत बसलेले असायचे.

अमेरिकेतलं भांडण मिटलं. रुईचे भाव उतरले ते असे की लोकांना आधी खरं वाटेना. मामा त्या लोकांत पहिला होता ज्यांना शेवटपर्यंत खरं वाटलं नाही. आरसे गेले, घड्याळ गेलं, घर गेलं. मी परीक्षा देऊन घरी आलो, त्या सुट्टीत एका सकाळी तो आमच्या मळ्यात येऊन उभा राहिला. बरोबर मामी आणि एक ट्रंक. देशमुखांचं घराणं अमरावतीतच राहिलं असावं, कारण गावात पाऊल टाकताच तो पुन्हा सदू झाला होता आणि त्याला त्याचं काही वाटतही नव्हतं. मला पाहून म्हणाला, "मोठा झाला रे." जणू माझं वाढणं त्याच्या नजरेखालून सुटलं होतं ते केवळ कामाच्या गर्दीत.

माय दिवसभर चुलीपुढे होती. वांगी भाजून भरीत केलं, वर कच्च्या तेलाची धार, हिरव्या मिरच्या, कांद्याची पात. आम्ही तिघे ओळीने बसलो, मामा, बाबा आणि मी. मायने पहिलं वाढलं ते भावाला. "माह्या लेकराले सांभाळलं तू," ती म्हणाली, "तुहे उपकार मी कधी फेडू?"

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी घास घेतला. मी मनाशी म्हटलं, आता हा माणूस काही क्षण तरी ताटाकडे पाहील, त्याला घास लागेल, काहीतरी होईल. मामाने भाकरीचा तुकडा भरितात बुडवला, तोंडात घातला, आणि समाधानाने डोळे मिटले.

"अशी चव अमरावतीले नाही भेटली, ताई."

"काहून? मी तं धाडत होती. लोणचं, वांगे."

"हो, हो," मामा म्हणाला. त्याला विचार करायलाही वेळ लागला नाही. "ते येत होतं ना. मी अन् किसन दोघं बसून खात होतो. मी मामीले सांगून ठेवलं होतं, माह्या बहिणीच्या हातचं हाय, दुसऱ्या कोणाले वाढाचं नाही."

माझ्या सगळ्या आयुष्यात इतकं सफाईदार खोटं मी ऐकलं नाही, आणि मी पुढे अकोल्याच्या कचेरीत वकिली केली आहे. मला त्याची किळस आली. आणि त्याच वेळी मला माय दिसली. पदराचं टोक दातांत धरून ती चुलीपुढे बसली होती, आणि तिच्या तोंडावर जे होतं ते मी तिच्या तोंडावर पुन्हा कधी पाहिलं नाही. मी पास झालो तेव्हाही नाही.

तिने माझ्याकडे वळून विचारलं, "खरंच का रे?"

मामा माझ्याकडे पाहत होता. पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत भीती होती. बाबांचा हात ताटावर थांबला होता.

"हो माय," मी म्हणालो. "लोणच्यातली मोठी फोड मामा मलेच देत जाय."

मायने मामाच्या ताटात आणखी भरीत वाढलं. बाबा पाणी प्यायले, त्यांनी ताटाला नमस्कार केला आणि उठून ते मोट जुंपायला गेले.